जर्मनीचा बटाटा आणि पप्पा

रविवारी सकाळी भिवंडीतल्या आमच्या घरात परत एकदा सालासकट बटाटे उकडले... पप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच.

माझी धाकटी बहीण मनीषा, म्हणजे मनी, जर्मनीत नर्स आहे. म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये तिची ड्युटी असते. थंडीत पप्पा गेले तेव्हा तिची सुट्टी मंजूर होईपर्यंत इकडे सगळं आटोपलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ती फोनच्या स्क्रीनवर होती... पलीकडे युनिफॉर्म घालून, हात जोडून उभी.

आता ती आली, पंधरा दिवसांसाठी. आल्यापासून एकच वाक्य. "ताई, परक्यांच्या आजीआजोबांना मी रोज भरवते गं, आणि आपल्या पप्पांना एक घास नाही भरवला." मी चहा टाकायला उठायची.

बटाट्याची गोष्ट अशी. पप्पांनी जन्मभर लूम चालवले आणि जन्मभर तंबाखू खाल्ली. शेवटी तोंडाचा कॅन्सर झाला. रेडिएशनचे शेक घेतल्यावर तोंड इतकं सोललं की वरणसुद्धा झोंबायचं.

तेव्हा मनीने व्हिडिओ कॉलवर हा पदार्थ शिकवला. तिच्या होममधल्या आज्या संध्याकाळी ब्रेडला लावून खातात. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात आंबट साय, मीठ, शहाजिरं, बारीक कांदा, वर कांद्याची पात... आणि गार होऊ द्यायचं. आपल्याकडे आंबट सायीऐवजी चक्का.

आई दिघाशी गावची. तिने फोनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आगं, ही तं आपली बटाट्याची कोशिंबीर हाय! यासाठी जर्मनीला कशाला गेली?" पप्पा किती दिवसांनी हसले होते त्या दिवशी.

आणि पप्पांनी ते खाल्लं... पावाचा मऊ भाग त्यात बुडवून. मग रोजचंच झालं. काल्हेरला गोडाऊनच्या ड्युटीवर निघायच्या आधी मी बटाटे उकडून, कालवून फ्रीजमध्ये ठेवायची. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत तेवढंच त्यांच्या पोटात जात होतं.

तर रविवारी मनी म्हणाली, आज मी करते. मन लावून केलं पोरीने, अगदी तिकडच्यासारखं. आईने बोटाने चाखलं आणि हळूच म्हणाली, "मने, ह्यांना कांदा चालत न्हवता. झोंबायचा."

मनी वाटीकडे बघत राहिली. पप्पा काय खात होते हे तिला माहीतच नव्हतं... तिने फक्त स्क्रीनवर वाटी बघितली होती. तिने परत बटाटे चढवले. या वेळी कांदा नाही, पात नाही, शहाजिरंसुद्धा कुटून चाळलेलं.

झालं, गार झालं. वाटी घेऊन ती पप्पांच्या फोटोसमोर उभी राहिली... आणि तिथेच अडली. आमच्यात फोटोपुढे नैवेद्याचं पान ठेवत नाहीत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून ते बंद आहे. मेणबत्ती लावायची, फूल वाहायचं, वंदना घ्यायची, बस्स. हे तिलाही ठाऊक होतं. पण हातातल्या वाटीचं काय करायचं?

मला वाटलं, ठेवू दे की एक दिवस. पण आईने मान हलवली. "खायला जित्या माणसाला घालायचं आसतं, मने. इद्रीसभाईंना बोलव."

इद्रीसचाचा पप्पांचे लूमवरचे दोस्त, मागच्या गल्लीत राहतात. आजारपणात रोज संध्याकाळी पप्पांजवळ येऊन बसायचे. मी ड्युटीवरून येईपर्यंत ते निघून गेलेले असायचे, त्यामुळे दोघं काय बोलायचे मला कधी कळलं नाही.

चाचा आले. मनीने पावाला लावून पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडात घातला आणि चावायचे थांबलेच.

"वही है," ते म्हणाले. "रोज एक निवाला मेरे को खिलाता था. बोलता था, खा ले इद्रीस, मेरी बेटी ने जर्मनी से भेजा है."

मी बघतच राहिले. बटाटे माझे, गॅस माझा, पहाटेची झोपमोड माझी... आणि नाव हिचं!

चाचा मनीकडे बघून पुढे म्हणाले, "मैं बोला, इतने दूर से आता है, खराब नहीं होता? तो बोला, बेटी के हाथ का है, खराब कैसे होगा."

मनी खाली बसली आणि मोठ्याने रडली. आल्यापासून रडलीच नव्हती ती. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. चाचांनी उरलेला तुकडा हातात तसाच धरून ठेवला होता, डोळे त्यांचेही भरले होते.

खरं सांगू? मला एक क्षण लागलंच. मग वाटलं, असू दे. माझ्या हातचं तर ते जन्मभर खात होते. लांब गेलेल्या लेकीला पप्पांनी रोज संध्याकाळी असं घरी बोलावून घेतलं... आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नाही.

काल मनी परत गेली. फ्रीजमध्ये रविवारचं वाटीभर अजून आहे. आई सकाळपासून दोनदा म्हणाली, "टाकून दे गं, आंबलं आसंल."

टाकवत नाही... लेकीच्या हातचं आहे. खराब कसं होईल?