दिवे लागले की हात जोडायचे

नानासाहेब माझा थोरला भाऊ. चितेगावच्या कंपनीत तीस वर्षं मशीनवर उभा राहिला. संध्याकाळी मात्र घरी यायच्या आधी कॅमेरा घेऊन खाम नदीवर. बारापुल्ला, मकाई, महमूद, नदीकाठच्या जुन्या तटाच्या एकेका दरवाजाचा फोटो त्यानं शेकडो वेळा काढला. म्हणायचा, "दिवस कंपनीचा, रात्र झोपेची. दिवे लागलेत आणि आभाळ अजून जांभळं हाय, एवढी धा मिनिटं माझी."

आमच्या आईनं लावलेली सवय, दिवा लागला की हात जोडायचे. दादा रस्त्यावरच्या दिव्यालाही जोडायचा. मग बटण दाबायचा.

मागच्या डिसेंबरात तो डोळ्याच्या डॉक्टरकडं गेला. घरी सांगितलं, "नंबर वाढलाय." फाईल इंग्रजीत. मला कुठली वाचता येती? भाचीला, तनुजाला दाखवली. तिनं वाचून सांगितलं. अंधारात आणि कडेचं दिसणं कमी होत जाणार, आणि औषध नाही. मी दादाला काही बोलले नाही. सोमवारी खडकेश्वराला बेल वाहत राहिले. मागायचं तरी काय, तेही सुचत नव्हतं.

मग तो म्हणाला, "सत्यभामा, गुडघा दुखतो, गाडी तू चालवत जा." मी व्हय म्हणाले. गुडघ्याचं खोटं, हे मला कळत होतं.

एका संध्याकाळी दादानं महमूद दरवाजासमोर कॅमेरा लावला. तिथं राहतभाईंचं पंक्चरचं दुकान आहे. ते रोज चिडवायचे, "नानासाहेब, दरवाजा भाग के नहीं जाता! पहले चाय पियो."

"तुमचा चहा तरी कुठं पळतो?" दादा म्हणाला. आम्ही हसलो.

उजवीकडं, दरवाजालगतच्या पुलाच्या कडेचे दिवे लागले. मी हात जोडले. दादाचे हात कॅमेऱ्यावरच.

मला वाटलं, विसरला असंल. पण तो मान तिरकी करून बघतच होता.

"आज लाईट उशीर करायलेत, व्हय गं?"

राहतभाई बोलायला उठले. मी मान हलवून त्यांना थांबवलं. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"व्हय दादा. उशीर हाय आज."

सांगावं तर त्याचा जीव जाईल, न सांगावं तर आभाळ जाईल. मी पदराचं टोक पिळत उभी. जांभळा रंग विटला, मग काळा पडला. शेवटी कसंबसं म्हणाले, "लागले."

दादानं हात जोडले. दिवे उजवीकडं होते, त्याचे हात समोर. मग बटण दाबलं. कॅमेऱ्याचा पडदा पार नाकाशी नेऊन बराच वेळ पाहिला.

"आभाळ काळं आलंय," तो म्हणाला.

मी पदराचं टोक सोडलं.

"कवा लागले होते?"

"झाली असतील पंधरा मिनिटं."

त्यानं कॅमेरा काढून गळ्यात घातला. स्टँडचे पाय चाचपत एकेक मिटवले. मी मदतीला वाकले तर म्हणाला, "राहू दे." स्कूटीवर मागं बसताना माझा खांदा त्याला पहिल्यांदाच शोधावा लागला. सापडल्यावर घट्ट धरला.

"उद्या लागल्या लागल्या सांग. खोटं बोलू नको."

"व्हय दादा," म्हणाले, आणि गाडीचा दिवा लावला.

मागं त्याचे हात जोडले गेले नाहीत. ते माझ्या खांद्यावरच होते.