दादाच्या वाटणीचा थेंब

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझ्या थोरल्या भावाचं पथ्य बंद केलं. "आता मागतील ते खाऊ-पिऊ द्या," म्हणाले. मी सगळं टाकून पुण्याहून नागपूरला आलो, तर दादाने मागावं काय? त्याला हिंगण्याकडचा बिअरचा छोटा कारखाना आतून पाहायचा होता. जन्मभर खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलर सांभाळलेला माणूस. कुठे वाफ निघते म्हटलं की हा निघालाच.

तिथल्या गाइडने आम्हाला बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या आणि टाक्यांमधून फिरवलं. फरशी स्वच्छ राहिली पाहिजे, हे त्याने इतक्यांदा बजावलं की माझं डोकंच फिरलं. वर दादाकडे बघून म्हणाला, "पुढच्या थंडीत संत्र्याची बिअर काढतोय, काका. नक्की या."

"येतो ना," दादा म्हणाला. मी टाकीकडे बघत राहिलो.

शेवटी चवीपुरते छोटे ग्लास मिळाले. आमच्याकडे पहिल्या घोटाआधी ग्लासात बोट बुडवतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने एकेक थेंब जमिनीवर उडवतात. दादाने बाबांचा उडवला. मग धाकट्या काकांचा. जरा थांबला आणि आणखी एक उडवला.

"हा कोणाचा, दादा?"

"माहाच. तू तं इसरशीन."

मी काही बोलायच्या आत गाइड फडकं घेऊन धावत आला आणि तिन्ही थेंब पुसून गेला.