पांढरी ढवळकांडी

वंग स्वेइचनने सव्वीस वर्षांत एकही वस्तू फुकट टाकली नव्हती. फुजोउच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ती भट्टी लावायची, काचा धुवायची आणि शिकलेल्यांची बोलणी खायची. झाकणबंद मुशीत युरिया भाजला की पिवळी पूड मिळे. ती पाण्यात ढवळत ठेवायची, वर दिव्याचा उजेड पाडायचा आणि पाण्यातून हायड्रोजन निघतो का ते बघायचं. प्लॅटिनमची चिमूट घातली की भरपूर निघतो. कुठलाच धातू न घालता तेवढा काढून दाखवा, इथे सगळ्यांचं घोडं अडलेलं.

तिथल्या शुए बोहान या विद्यार्थ्याने तो काढला. पीएचडीची आठ वर्षांची मुदत संपायला दोन महिने उरले असताना! संशोधनाचा पेपर छापून आला, त्या दुपारी त्याने सगळ्यांना माशाचे गोळे खाऊ घातले. पहिला वाडगा स्वेइचनच्या हातात दिला. "मावशी, पूड तुमच्या हातची आहे!" तिला खरंच भरून आलं.

मग दुसऱ्या शहरातून पत्र आलं. तुमचीच पूड वापरली, बुडबुडासुद्धा निघाला नाही. बोहानचे मार्गदर्शक प्राध्यापक ज्वांग त्याला म्हणाले, मंगळवारी माझ्यासमोर करून दाखव.

सोमवारी स्वेइचन बोहानची ढवळकांडी घासत होती. पांढऱ्या लेपाचा, बोटाच्या पेराएवढा चुंबक. लेपावरच्या चरांत करडी झाक दिसली, घासूनही ती निघेना. ही कांडी आधी प्लॅटिनमच्या प्रयोगात फिरलेली. नवं पाकीट कशाला फोडायचं, म्हणून तिनेच ती साबणाने घासून बोहानला दिली होती. तिने नवी कांडी घालून प्रयोग लावला. पडद्यावरची हायड्रोजनची रेघ जागची हलली नाही.

"पूड नव्हती रे ती," तिने बोहानला सांगितलं. "कांडीच्या चरांत प्लॅटिनम अडकलंय. माझं चुकलं."

"आणखी कुणाला माहितीय?"

"कुणाला नाही."

"मग उद्या तीच घाला, मावशी. एकदाच. आई गावभर मला डॉक्टर म्हणून सांगून बसलीय हो."

"आणि ती दुसरीकडची पोरं? ती वर्षानुवर्षं नुसतं पाणी ढवळत बसतील."

"त्यांचं काय पडलंय तुम्हाला? चूक तुमची आणि मरायचं मी?"



मंगळवारी दोन्ही कांड्या तिच्या खिशात होत्या. बोहान फक्त तिच्या हाताकडे बघत होता. तिने नवी टाकली. तीन तास दिवा जळला, रेघ आडवीच राहिली.

"पेपर मागे घ्यावा लागेल," ज्वांग म्हणाले.

"सर, जुनी कांडी मी दिली होती. दोष माझा आहे."

"धुणाऱ्या बाईवर कसं ढकलणार, वंगताई? नवी कांडी घालून त्याने एकदा तरी बघायला हवं होतं."

तिचा दोषसुद्धा कुणी तिला घेऊ दिला नाही.

शुक्रवारी बोहान पदवी न घेताच विद्यापीठ सोडून गेला, तिला न भेटता. स्वेइचनने खण उघडून सगळ्या जुन्या कांड्या कचऱ्यात ओतल्या. खिशातली ती एक मात्र तिला टाकवली नाही.