साहेबांची सही येईपर्यंत

आमच्या टाइमकीपर नानांच्या हातात असतं, तर त्यांनी यमालासुद्धा खातेप्रमुखाची सही आणायला परत पाठवलं असतं. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात, नव्वदनंतरच्या त्या वर्षांत, ते टाइम ऑफिसचे मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखालचा क्लार्क. पाळी संपली की कामगारानं हजेरीपत्रकावर आपल्या हातानं सही करायची, मग खातेप्रमुखानं मंजुरीची करायची, तेव्हा कुठं तो कागद नानांच्या टेबलावर यायचा. दुसऱ्याची सही ठोकायची नाही, कामाआधी करायची नाही आणि स्वतःचं स्वतः मंजूर करायचं नाही. यात देवाधर्मालाही सवलत नव्हती. एकदा चीफ इंजिनिअरांनी आपला व्याप वाचवायला सोमवारीच शनिवारपर्यंतच्या मंजुऱ्या देऊन टाकल्या. नाना लाल पेन घेऊन थेट त्यांच्या केबिनीत. "साहेब, शनिवारपत्तूर समदे जगनार, असा ठराव झालाय व्हय?" साहेबांनी सगळ्या सह्या खोडल्या.

नानांच्या घरी तरी वेगळं काय! दूध काकूंनी मोजून घ्यायचं, कॅलेंडरवर सही करायची आणि संध्याकाळी नानांनी ती मंजूर करायची. मी गेलो की काकू मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, "भाऊ, चहा कसा झालाय ते सांगा बाई. का त्यालाबी साहेबाची मंजुरी लागंल?" नाना तेवढ्यापुरते हसायचे. त्यांना हसवणं फक्त त्या माउलीलाच जमायचं.

त्या हिवाळ्यात काकू आजारी पडल्या आणि आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्याला आपल्या भावाकडे जाऊन राहिल्या. गाळप ऐन भरात होतं. एका सकाळी भावाचा फोन आला, तो मीच घेतला. "दाजींना लगेच धाडा. ताईचं काय खरं न्हाई." मी नानांना सांगितलं. त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, खाली सही केली आणि ते खुर्चीत बसून राहिले. रजा मंजूर करणारे लेबर ऑफिसर नगरला बैठकीला गेले होते.

"अहो नाना, निघा! साहेब आले की सही मी घेतो."

"आन् परवा बॉयलरवाल्याला अडवलं त्याचं काय? त्याचीबी पोरगी तापानं फनफनली हुती. त्याला एक कायदा आन् मला एक?"

बातमी कळल्यावर तो बॉयलरवाला स्वतः धावत आला. खिडकीतून हात जोडून म्हणाला, "नाना, माझी पोरगी बरी हाय आता. पाया पडतो, जावा तुमी." नाना हलले नाहीत. डबा तसाच पडून होता. मला दया येत होती आणि संतापही येत होता. इतका हटवादी माणूस मी जन्मात पाहिला नाही.

दिवस कलल्यावर साहेब आले. "अहो, थांबलात कशाला?" असं ओरडतच त्यांनी सही केली आणि आपली जीप दिली. नाना पोहोचले तेव्हा काकूंना अंगणात आणलं होतं. दिवेलागणीपर्यंत त्या दाराकडं बघत होत्या, असं भावानं सांगितलं.

तेराव्यानंतर नाना कामावर आले. लाल पेन तेच, नियम तेच. फक्त कुणाच्या घरून आजारपणाचा निरोप आला की ते स्वतः उठून त्या माणसाला सहीविनाच गेटबाहेर काढायचे. बॉयलरवाल्यालाही एकदा असंच काढलं. साहेब चिडले की उभे राहून बोलणी खायचे.

पुढं शेवगावहून माझ्या वडिलांच्या आजारपणाचा निरोप आला. सवयीनं मी अर्जाचा कागद पुढं ओढला, तर नानांनी तो हिसकावून घेतला.

"ऊठ."

"पण साहेबांची सही..."

"ऊठ म्हनतो ना गाढवा!"

दंड धरून त्यांनी मला शेवगावकडे निघालेल्या ट्रकमध्ये बसवलं. वडील शुद्धीत भेटले. त्यांना पाणी पाजलं, पहाटे ते गेले.

दिवसपाणी उरकून मी परत आलो, तेव्हा माझा अर्ज, नानांनी भरलेला पण बिनसहीचा, त्यांच्या टेबलावरच होता. त्यांनी मान वर न करता विचारलं, "भेटले का?"

"भेटले."

"काय म्हनाले?"

"वेळेवर आलास, म्हणाले."

नानांनी लाल पेन उचललं. मग अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाले, "कर सही." मी पेनासाठी हात पुढं केला, पण त्यांच्या मुठीतून ते सुटेचना.