दुसऱ्या गिअरातली रबीहा

डोंगरावरच्या करक गावाहून खाली घोरच्या खोऱ्यातल्या दवाखान्यात आम्ही तिघं एकाच गाडीनं जायचो. गाडी रबीहाची. ती तिथली सुईण, मी औषधं देणारी, आणि मागच्या सीटवर ऐसपैस पसरणारे अबू तैसीर रक्त तपासायचे. अकरा वर्षं हा क्रम चालला. उतार संपेस्तोवर कानांना दडे बसत आणि अंगाची काहिली होई.

रबीहा नवऱ्यामागे एकटी राहिलेली, कमी बोलणारी, हट्टी. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची. टायर बघायची, तेलाची कांडी पुसून बघायची, मग आत बसून ब्रेक तीनदा दाबायची. आणि अख्खा उतार दुसऱ्या गिअरात. मागचे हॉर्न वाजवत, शिव्या घालत पुढे निघून जात.

"पोरी, गाढवावर बसलो असतो तर एव्हाना चहा पिऊन झाला असता," अबू तैसीर कुरकुरत.

"उतरा ना काका. गाढव चांगलं मिळालं तर मलाही सांगा."

एका जुलैत तिच्या धाकट्या भावानं, सफवाननं, लग्नाला जायला दोन दिवस गाडी नेली. रविवारी सकाळी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, आम्ही निघालो, तर रबीहा बॉनेट उघडून तशीच उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"ब्रेक ऑइल काठोकाठ आहे."

"मग बरंच की!"

"गेल्या आठवड्यात खुणेच्या खाली होतं. सोमवारी मिस्त्रीकडे नेणार होते. मी तर भरलं नाही."

तिनं सफवानला फोन लावला. तो उचलेना. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, एक बाई कळा देतेय, लवकर या. रबीहानं ब्रेक तीनदा दाबला. घट्ट होता. आम्ही निघालो.

उतार सुरू झाला आणि पुढे गॅसच्या टाक्या भरलेला ट्रक आला. रस्ता अरुंद, ओलांडायची सोय नाही. ट्रक वळणावळणाला थांबल्यासारखा होई, आणि दुसऱ्या गिअरातही रबीहाला ब्रेक दाबावा लागे. हळूहळू जळका वास यायला लागला. मी काच वर केली, तरी वास आतच.

"ब्रेक मऊ लागतोय," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

अबू तैसीर सीटवर ताठ बसले.

पुढच्या वळणावर तिचा पाय थेट तळाला टेकला. पुन्हा दाबला, पुन्हा तळाला. ट्रकच्या मागच्या निळ्या टाक्या एकेक मोजता येतील इतक्या जवळ आल्या. डावीकडे दरी.

"पट्टे बघा आपापले!"

तिनं पहिला गिअर टाकला. इंजिन किंचाळलं. हँडब्रेक एकदम न ओढता दाता-दातानं वर घेत तिनं गाडी उजवीकडे डोंगराला घासली. माझ्या बाजूचा आरसा उडाला, काच फुटून मांडीवर आली. दगडांचा आवाज किती वेळ चालला, देव जाणे. गाडी थांबली. ट्रक पुढच्या वळणाआड गेला. त्याच्या ड्रायव्हरला काही कळलंही नाही.

चाकांपुढे दगड लावून झाल्यावर सफवानचा फोन आला. जांभई देत म्हणाला, "ते होय? भांड्यात कमी दिसलं म्हणून पाणी घातलं. म्हटलं, ताईचं काम हलकं करावं."

रबीहा ओरडली नाही. "पाणी उकळतं, सफवान," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मागून आलेल्या गाडीला हात करून आम्ही त्या कळा देणाऱ्या बाईकडे गेलो.

मिस्त्रीनं चाकं उघडून दाखवली. ब्रेकचे पॅड झिजून लोखंड लागलेलं. तापलेल्या ब्रेकात पाण्याची वाफ झाली आणि पायाखालचा जोर वाफेतच विरून गेला. तो रबीहाला म्हणाला, "ऑइल खाली जातं म्हणजे पॅड झिजलेत. तेव्हाच यायचं होतंस. दुसरा गिअर नसता, तर तुम्ही दिसलाच नसता."

"हो," ती म्हणाली. खाली मान घालून.

गाडी परत आल्यावर तिनं दवाखान्याच्या आवारातली नऊ वाहनं उघडायला लावली. चार गाड्यांचं ब्रेक ऑइल खुणेखाली, काळंकुट्ट. तिघं मालक ओशाळून मिस्त्रीकडे गेले. चौथा आमचा कारकून नव्वाश. हसून म्हणाला, "सुईणबाई, आता गाड्यांची बाळंतपणंही करणार का? सुटीत बघतो."

"सुटीपर्यंत रोज हा उतार उतरायचाय तुला," ती म्हणाली. तिनं त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तो चिडला.

एकोणीस दिवसांनी नव्वाशची गाडी वळणाखाली दरीत सापडली. तो वाचला नाही.

रबीहा मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत त्याच्या घरी रोज जाऊन बसली. त्याच्या आईनं एकदा विचारलं, "तुला माहीत होतं, मग चावी का नाही काढून घेतलीस?" तेव्हापासून ती खरंच चाव्या काढून घेते. भांडते, शिव्या खाते, चावी देत नाही. कुणी तक्रार केली की अबू तैसीरच मध्ये पडतात. "देऊ नकोस पोरी. त्याला जाऊ दे पायी."