जनरल विषयांची सूट

"बटाटा म्हणजे मूळ की खोड?"

सरांनी वर्गाला विचारलं तेव्हा मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. चर्चचे पाळक घडवणाऱ्या नाशिकच्या एका सेमिनरीत मी दुसऱ्या वर्षाला होते. दुपारचा तास जनरल सायन्सचा. हे सर शहरातल्या दुसऱ्या कॉलेजातून यायचे आणि तीनच्या ठोक्याला त्यांना चहा लागायचा. तो नेऊन देणं ही माझी सेवा. समोर बसलेली मुलंमुली माझ्याच वर्षाची. सकाळी बायबलच्या तासाला आम्ही एका बाकावर बसायचो.

"मूळ," वर्ग म्हणाला.

"खोड," मी म्हणाले. तोंडातून कसं निघालं, माझं मला कळलं नाही. "त्याला डोळे असतात सर. डोळ्यातून कोंब फुटतो."

दीड वर्ष रोज बटाटे सोलत होते. मला नाही कळणार तर कुणाला कळणार? उत्तर बरोबर होतं. सरांनी बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही.

"चहा ठेव आणि जा. तुला हा विषय लागत नाही."

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "बटाटेवाल्या मॅडम!" ट्रे ठेवताना अर्धा चहा बशीत सांडला. सरांनी बशीकडे बघून च्च केलं. मी पळाले. न्हाणीघरात कडी लावून तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडले.

विषय लागत नव्हता हे मात्र खरं. पहिल्या वर्षी जूनमध्ये उपप्राचार्यांनी आम्हा पाच जणांना ऑफिसात बोलावलं होतं. पाचही जण पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातले, आदिवासी. "बाळांनो," ते म्हणाले, "इंग्रजी, सायन्स, इतिहास हे जनरल विषय तुम्हाला जड जातील. त्यातून तुम्हाला सूट. तो वेळ सेवेला द्या, म्हणजे फीही माफ." समोर इंग्रजीत छापलेला अर्ज होता. आम्ही खाली सह्या केल्या. बाहेर आलो, एकमेकांचे हात धरले आणि देवाचे आभार मानले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पण दहावीला इंग्रजीत मी एकदा गटांगळी खाल्ली होती. नापास होऊन घरी परत जायची इतकी धास्ती होती की सूट म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. मग दुपारी बाकीचे वर्गात आणि आम्ही पाच जण कांदे चिरायला, मेथीच्या वाफ्यांना पाणी द्यायला.

मी इथं आले होते ती बासाठी. माझा बा प्रचारक. पाड्यापाड्यावर चालत जाऊन त्यानं ख्रिस्ती मंडळी उभी केली. आजाऱ्याच्या उशाशी बसला, मेलेल्याला खांदा दिला. पण प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटायची, भाकर द्यायची परवानगी त्याला नव्हती, कारण पाळकपदाची दीक्षा नव्हती. दीक्षेला पदवी लागते. वर्षातून दोनदा शहरातले पाळक जीपनं यायचे, भाकर द्यायचे आणि माझा बा मान खाली घालून त्यांच्यासाठी ताट धरायचा. बायकांनाही दीक्षा मिळू लागली होती. पदवी घेईन आणि आमच्या पाड्यावर माझ्या हातानं भाकर देईन, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बटाट्याच्या त्या दिवशी माझे सुजलेले डोळे बघून खोलीतली मार्था विचारू लागली. ती नाशिक रोडची, तिचे वडील प्रेसमध्ये नोकरीला. मी सगळं सांगितलं. तिनं ट्रंकेतून सेमिनरीचं माहितीपुस्तक काढलं आणि एक पान मराठीत करून वाचून दाखवलं. जनरल विषयांत पास झाल्याशिवाय पदवी नाही. ज्यांनी सूट घेतली त्यांना गावकामाचं प्रमाणपत्र.

"तुला माहीत नव्हतं?" ती म्हणाली.

कसं माहीत असणार? नियम इंग्रजीत होता. आणि इंग्रजीतून तर आम्हाला सूट होती.

कितीतरी दिवस जेवण जाईना. उपप्राचार्य समोरून आले की मी भिंतीला चिकटायचे, जणू चोरी मीच केली होती. बाकी चौघांना सांगितलं. माझ्या गावाजवळची एक ताई म्हणाली, "गप गं बाय. बोललो तं घरला लावून देतील. मेथीला पानी तरी घालू देत्यात ना!" ती हसली, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

सुट्टीत घरी गेले. बालाही सांगितलं. बानं हातातली विडी पेटवलीच नाही.

"सायेब लोकांच्या म्होरं बोलू नको पोरी," तो म्हणाला. "मी नाय कधी बोललो."

त्याच्या त्या वाक्याची मला फार भीती वाटली. उपप्राचार्यांपेक्षा जास्त. आयुष्यभर ताट धरून उभं राहायचं ते असं, हे मला दिसलं.

जून आला. तिसऱ्या वर्षासाठी सूट घेण्याचे अर्ज उपप्राचार्यांच्या टेबलावर ओळीनं मांडलेले. चौघांनी सह्या केल्या. माझी पाळी आली.

"कर सही, बाळ."

"नाही करणार सर. मला जनरलच्या वर्गात बसायचंय. मागच्या दोन वर्षांचेही विषय द्यायचेत."

त्यांनी चष्मा काढला.

"फी माफ राहणार नाही. आणि नापास झालीस तर? तुझा बाप पाया पडून तुला इथं ठेवून गेलाय, विसरलीस?"

बा पाया पडला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढा वेळ अंगात नुसती भीती होती. आता तिच्यासोबत राग आला आणि रागामुळेच मी उभी राहू शकले.

"तो पडला सर. मी नाही पडणार."

त्यांनी अर्ज बाजूला सारला. "बघतोच," म्हणाले. फी पुढे मामानं आणि मार्थाच्या वडिलांनी कशीबशी भरली.

दुपारी वर्गात गेले आणि पहिल्या बाकावर बसले. कुणी सरकून जागा दिली नाही. पाठीमागे कुजबुज चालू होती. वर्षभर मी त्या बाकावर घाबरतच बसले. सरांनी नाव घेतलं की आलेलं उत्तरही विसरायचे. मार्थानं इंग्रजी घटवून घेतलं, इतिहास मी माझा वाचला.

निकाल लागला. इंग्रजी पास. इतिहास पास. सायन्स नापास, तेही तिन्ही वर्षांचं. फलकासमोर उभी होते तर उपप्राचार्य शेजारी येऊन थांबले. आवाज मऊ होता.

"अजून वेळ गेलेली नाही. प्रमाणपत्र घे आणि सुखानं घरी जा."

क्षणभर वाटलं, जावं. खरंच वाटलं. मग ऑफिसात जाऊन फेरपरीक्षेचा अर्ज मागितला. तोही इंग्रजीत. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एक शब्द अडला, तिथं बोट ठेवून थांबले आणि क्लार्कला अर्थ विचारला.

"अहो, सही करा आणि द्या इकडे. माझी जेवायची वेळ झाली," तो म्हणाला.

"वाचून होऊ द्या," मी म्हणाले.

मागचं पानही वाचलं. मग सही केली. भीती तेव्हाही होती, आजही आहे. सही करताना ठरवलं, सायन्सला पुन्हा बसेन. पुन्हा नापास झाले तर पुन्हा बसेन. पदवी घेतल्याशिवाय हे आवार सोडणार नाही, आणि कुणाची सूट घेणार नाही.