आईला साफ दिसायला लागलं

मोबाइलच्या पडद्यावर एका इंचात किती ठिपके मावतात, हे मला यंदाच्या पोळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे आमचं गाव. घरची धानाची शेती आहे आणि रस्त्याला लागून किराणा दुकान आहे. दुकानात बसून मी फोनवर जे पाहतो, ते धुरकट दिसलं काय अन् लख्ख दिसलं काय, त्यानं माझ्या ज्ञानात भर पडण्यासारखं त्यात काही नसतं.

प्रश्न आईचा होता. आमच्या घरात फोनचा वारसा उलटा चालतो, लेकाकडून मायकडे. माझा जुना झालेला फोन आईला मिळालेला. स्वस्तातला पडदा, उन्हात धरला की त्यात फक्त आपलंच तोंड दिसायचं. माझा धाकटा भाऊ कैक वर्षांपासून पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. दर रविवारी दिवेलागणीला तो आईला व्हिडिओ कॉल करतो. कधी उजेड असतानाच फोन आला की आई अंगणातच खाली बसायची आणि डोक्यावरून पदर घेऊन फोनसकट त्यात शिरायची. जुन्या काळचा फोटोवाला काळ्या कापडात शिरायचा, तशी. रस्त्यानं जाणारी एखादी बाई हटकून विचारायची,

"का वो मावशी, पदरात काय लपवून राहिली?"

"माया लेक हाय," आतून आवाज यायचा.

उन्हाळ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिनं घरभर फिरून आधी कोळ्याची जाळी शोधली, मग सुनेकडे पाहून झाडू उचलला, आणि शेवटी माझ्याजवळ येऊन थांबली.

"तू एवढा म्हातारा कधी झाला गा?"

"तू आंधळी होतीस तेव्हाच," मी म्हणालो.

सगळं साफ दिसायला लागलं, पण फोनमधला लेक मात्र होता तसाच राहिला. चेहऱ्याच्या जागी पिठाचा गोळा, त्यावर चष्म्याची काळी रेघ. "डोळा नवा लावला, तरी हा काऊन असाच दिसते?" असं ती दर रविवारी विचारायची. तेव्हा मी ठरवलं की आईला चांगल्या पडद्याचा फोन घ्यायचा. आता दुकानदार माणूस वस्तू घ्यायला निघाला की आधी अभ्यास करतो. मी महिनाभर पडद्यांचा अभ्यास केला. कोणता पडदा मागून उजेड मारतो, कोणत्याचे ठिपके स्वतःच पेटतात, उन्हात कोण टिकतो, हे सगळं पाठ केलं. बारावीला एवढं केलं असतं तर धाकट्याच्या जागी मी पुण्याला असतो, असं बायको म्हणाली. मला ते लागलं, पण खरं होतं.

गोंदियाच्या बाजारात फोन विकणाऱ्या पोरानं माझ्यासमोर दोन फोन ठेवले. दोन्हींवर तोच पोपट, तेच पानावरून घसरणारे पाण्याचे थेंब.

"ये एलसीडी है अंकल, इसमें काला भी राखड़ी दिखेगा. और ये देखो अमोलेड. काला मतलब काला."

"और रिझोल्यूशन?"

"एक लिमिट के बाद आँख को समझताच नहीं अंकल. देखना क्या है आपको?"

"आई को देखना है. भाई को."

तो हसला. "फिर तो भाई का कैमरा अच्छा होना और नेटवर्क. पड़दा क्या करेगा?"

भावाचा फोन माझ्या दुकानातल्या अर्ध्या मालाएवढा भारी होता आणि आमच्या गावाजवळ नुकताच नवा टॉवर सुरू झाला होता. त्यामुळे त्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. काळा मतलब काळावाला घेतला. किंमत सांगत नाही. बायकोला जी सांगितली आहे तीच इथेही चालू द्या.

पहिल्या रविवारी फोन लागला आणि आई चमकून मागेच सरकली. लेक एकदम समोर आल्यासारखा. कानावरचे पांढरे केस दिसले, दाढी करताना हनुवटीवर कापलेलं दिसलं, मागच्या भिंतीवरचा पालीचा डागसुद्धा दिसला.

"किती वाळला गा तू! जेवतेस का नाई?"

"आई, मी आठ किलो वाढलोय."

"मंग तोंड काऊन वाळलं?"

ती हसत होती, तो हसत होता आणि फोन धरून उभा असलेला मी तर असा हसत होतो की जणू तो पडदा मीच विणला. दुसऱ्या दिवशी दुकानात मी गिऱ्हाइकांना पडद्याचे प्रकार समजावून सांगितले. एक म्हातारा बिडीचा कट्टा खिशात घालत म्हणाला, "त्याच्यात धानाचा भाव जास्त दिसते का गा, भाऊ?" नाही दिसत, हे मला कबूल करावं लागलं.

त्याच पहिल्या कॉलमध्ये आईनं विषय काढला होता. मंडईचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा; नाटक कंपनीची तारीख मिळेल तसा गावातले ठरवतात. दिवसा दंडारीची नाचगाणी, दुकानं, पाळणा, आणि रात्रभर नाटक. दिवाळीला कोणी आलं नाही तर चालतं, पण गावच्या मंडईला लेकी, जावई, बाहेरगावी गेलेली पोरं घरी येतात. ज्याच्या घरी त्या दिवशी पाहुण्यांच्या चपला अंगणात मावत नाहीत, तो माणूस. भाऊ दिवाळीला सासरी जातो, ते आईनं कधीच मान्य करून टाकलं. तिला फक्त मंडई पाहिजे होती आणि ती त्यानं किती वर्षं दिली नव्हती, हे तीही मोजायची नाही, मीही.

"यंदा मंडईले येजो बाबू. पोराईले घेऊन येजो."

"बघतो ना आई. नक्की बघतो."

तो गेली कित्येक वर्षं बघतच होता. पण धुरकट पडद्यावरचं 'बघतो' ऐकून आई आठवडाभर खूश राहायची. "बोलला, पाहतो म्हणून," असं शेजारी सांगायची. लेक दर रविवारी अर्धा-पाऊण तास आपल्यासमोर बसतो, आपलं ऐकतो, हीच तिची मिळकत होती. गावात इतर बायांच्या पोरांचा तेवढाही पत्ता नसायचा. ह्या एका गोष्टीवर ती गावात ताठ मानेनं चालायची.

दुसऱ्या रविवारी भावाकडे बहुतेक दिवा लावलेला नव्हता. खोली अंधारलेली होती. जुन्या फोनवर असा अंधार म्हणजे नुसती राख असायची. ह्या फोनवर तो काळाभोर होता, आणि त्या काळ्यात भावाच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन चिमुकल्या खिडक्या पेटलेल्या होत्या. रंगीत. आई शेजारच्या म्हशीचं बाळंतपण सांगत होती. तो "हो का? अरे वा," म्हणत होता आणि खिडक्यांतलं चित्र खालून वर, खालून वर सरकत होतं.

मला पहिल्याच मिनिटाला कळलं. आईला कळू नये म्हणून मी फोन जरा दूर धरला. तिनं माझं मनगट धरून जवळ ओढला.

कॉल संपल्यावर ती म्हणाली, "त्याच्या चष्म्यात काय सरकून राहिलं होतं गा?"

"ट्यूबलाइट असल."

"ट्यूबलाइट वर सरकते का?"

"पंख्याची सावली असल मंग."

"लाल मोटार होती. मंग एक बाई नाचली." ती माझ्याकडे पाहायला लागली. नवा डोळा आणि नवा पडदा, दोन्हींचा खर्च मीच केला होता. "तू दुकानात पायत बसतेस, तसंच होतं."

"कामाचं असल काही. आता सगळे कामं कॉम्प्युटरवरच असतात."

"बाई नाचवाचं काम हाय त्याले?"

आत जाऊन बायकोला सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमाले कोणी सांगितलं होतं एवढा साफ फोन घ्या म्हणून? अंधुक होतं ते बरं होतं." बायकोचं म्हणणं आणि गोंदियाच्या त्या पोराचं म्हणणं शेवटी एकच निघालं. पडदा क्या करेगा? फक्त त्यानं दुकानाच्या बाजूनं सांगितलं आणि हिनं घराच्या.

मी भावाला फोन करून झापणार होतो. वाक्यंही जुळवली. मग लक्षात आलं की झापलं तर पुढच्या रविवारी तो डोळे ताणून आईकडे पाहत बसेल, शिक्षा झालेल्या पोरासारखा, आणि आई तेही ओळखेल. पूर्वी हे सगळं झाकायला एक खराब पडदा पुरत होता. आता झाकायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. नाही केला फोन.

त्याचा राग आला होता, हे खरं. पण त्यातही एक हलकट वाटा माझा स्वतःचा होता, तो लपवत नाही. मी रोज आईसमोर बसतो. तिच्या गोळ्या आणतो, तिला दवाखान्यात नेतो, तिचं बोलणं तीनतीनदा ऐकतो. पण मला पाहायला तिनं कधी पदराचा अंधार केला नाही. माझ्या पिठाच्या गोळ्याची तिला कधी काळजी वाटली नाही. जो समोर असतो त्याला कोण निरखून पाहतं? मनात कुठेतरी बरंही वाटलं की आता कळलं ना तुला तुझा पुण्याचा. आणि त्याच रात्री आई जेवली नाही, तेव्हा मीही अर्ध्या ताटावरून उठलो.

त्यानंतरच्या रविवारी फोन वाजला तेव्हा आई सूप घेऊन बसली. सुपात लाखोळीची डाळ. मंडईच्या वड्यांसाठी निवडायची होती. मी फोन तिच्यासमोर धरला. तिनं एकदा वर पाहिलं, "बरा हायेस का?" विचारलं आणि मान खाली घातली. बोटं डाळीत फिरत राहिली. तो तिकडे "हो, हो, मग?" म्हणत होता, ही इकडे "हो न बाप्पा, असंच असते," म्हणत होती. दोघंही दुसरीकडेच पाहत होते. त्या महागड्या पडद्याकडे पाहणारा मी एकटा. मंडईचा विषय तिनं काढला नाही. दिवाळीच्या रविवारीही नाही. तो सासरहून बोलला, मागे फटाके वाजत होते, आई म्हणाली, "मजा करा."

दिवाळी झाली. गावच्या पंचांनी तारीख ठरवली, येत्या शनिवारची. घराघरांत फोन सुरू झाले, जावयांना बोलावणी गेली. रविवारी भावाचा कॉल आला तेव्हा आई पुन्हा सूप घेऊन बसली होती आणि मी ठरवूनच उभा होतो की आज आपणच विचारायचं, तोंडावर विचारायचं. पण मी काही बोलायच्या आत त्यानंच विचारलं. त्याची नजर कुठेतरी बाजूला होती, आवाज जरा दबलेला.

"आई, यंदा मंडई कधी आहे गं?"

आईनं सुपातला एक खडा उचलला, नीट पाहिला, बाजूला टाकला.

"झाली न बाबू."

"झाली?"

"झाली. परवाच झाली."

मी तोंड उघडलं. आईनं मान न उचलता माझ्या पायावर सुपाचा काठ टेकवला आणि दाबून धरला.

"अरेरे," भाऊ म्हणाला. "राहूनच गेलं बघ यंदा." आणि त्याचा चेहरा सैल झाला. कपाळावरची आठी गेली, खांदे खाली आले. तो इतका साफ दिसत होता की त्याची सुटका मला पापणीपापणीत दिसली. मग त्यानं हातातलं जे काय होतं ते बाजूला ठेवलं असावं, कारण चष्म्याच्या काचा मोकळ्या झाल्या आणि आत त्याचे डोळे दिसले. लहानपणी असायचे तसे. किती दिवसांनी तो सरळ आईकडे पाहत होता.

आई डाळ निवडत होती.

"पुढच्या वर्षी नक्की येतो हं आई. आधी कळव फक्त."

"हो, हो."

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "काऊन खोटं बोलली? शनिवारी हाय मंडई. आला असता कदाचित."

आईनं सूप झटकलं.

"नसता आला. बहाना शोधत बसला असता बिचारा, मंग फोन कराचीबी त्याले लाज वाटली असती." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "रविवार त राहू दे मले."